परिपत्रकात पाणी नव्हतं

सांस्कृतिक सचिव होण्यात माझा काडीचाही दोष नव्हता. त्या रविवारी आमच्या तरुण संघाची वार्षिक सभा होती आणि मी बाजारात एका मासेवालीशी पाबद्याच्या ताजेपणावरून हुज्जत घालत उभा होतो. पिशवी घेऊन परत येतो तो कोपऱ्यावरच तिघांनी मला गाठलं आणि गळ्यात झेंडूचा हार घातला. सभेला जो गैरहजर असेल त्याच्या गळ्यात पद पडतं, ही आमच्या संघाची अलिखित घटना. माझ्या आधीचे सचिव अशाच एका रविवारी दात काढायला गेले होते आणि दात, वर्ष दोन्ही गमावून बसले. तरुण संघातल्या तरुणांचं सरासरी वय चौसष्ट आहे, हेही इथेच सांगून टाकतो.

सचिवाला काम एकच. फाल्गुन लागला की गंगेच्या घाटावर एका दुपारी वसंत-मेळावा भरवायचा. गाणं, नाटक, चुरमुऱ्यांची मुडी, आलूदम आणि मोकळी हवा. ऐकायला हे इतकं सोपं वाटतं की मी हार काढून ठेवायच्या आधीच मनातल्या मनात आभाराचं भाषण सुरू केलं होतं.

घरी आलो. इंदुलेखानं, म्हणजे माझ्या बायकोनं, आधी पिशवी घेतली, मासे हुंगले, मग हाराकडे पाहिलं.

"सचिव झालात?"

"केलं त्यांनी. लोकांचा आग्रह मोडवत नाही."

"मग या वर्षी तरी माझं गाणं होईल ना?" असं विचारून ती मासे धुवायला गेली.

आता हा प्रश्न साधा नव्हता. आमच्या लग्नाला एकतीस वर्षं झाली. या एकतीस वर्षांत मेळाव्याच्या छापील कार्यक्रमपत्रिकेत शेवटून दुसऱ्या ओळीत 'स्थानिक कलावंत: श्रीमती इंदुलेखा हाजरा' असं दर वर्षी येतं, आणि ते गाणं दर वर्षी राहून जातं. कारण त्याच्या वरच्या ओळीत नाटक असतं, आणि नाटकात पंचाननदा असतात. पंचानन कोले हे आमचे अध्यक्ष. नाटकही ठरलेलं, त्यांचंच लिहिलेलं, कारण नवीन संवाद पाठ करायची ताकद आता कुणात उरलेली नाही. त्यात पंचाननदा राजा वीरकेतू होतात आणि शेवटी रणांगणावर बाण लागून मरतात. पहिल्या वर्षी हा राजा सात मिनिटांत मेला होता. पुढे त्यांना मरण्यातली गोडी कळली. राजा आधी शत्रूला क्षमा करायला लागला, मग मुलांना, मग प्रधानाला. गेल्या वर्षी त्यानं आपल्या हत्तीलाही क्षमा केली आणि मरायला चौतीस मिनिटं घेतली. तोवर ऊन उतरतं, डास येतात, लोक सतरंज्या झटकायला लागतात, आणि पेटीपाशी साडी सावरून बसलेली इंदुलेखा उठून डबे गोळा करायला लागते. एकतीस वर्षांत तिनं यावर तक्रारीचा एक शब्द काढलेला नाही. उलट पंचाननदांना ती दर वर्षी लिंबूपाणी नेऊन द्यायची, घसा बसलेला असायचा ना त्यांचा.

म्हणून तिनं तोंड उघडून विचारल्यावर मला एकदम भरून आलं. मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून सांगितलं, की होईल म्हणजे काय, झालंच समज, माझा शब्द आहे. ती म्हणाली, "शब्द नको. दहा मिनिटं द्या."

मी दुसऱ्याच दिवशी पंचाननदांकडे गेलो आणि स्थानिक कलावंत नाटकाच्या आधी घ्यावेत असं सुचवलं. त्यांनी राजीनामा दिला. ते राजीनामा नेहमी खिशातच ठेवतात, फक्त तारीख बदलतात. तो परत घ्यायला लावण्यात माझी संध्याकाळ गेली. त्यांचं म्हणणं असं, की आधी पाहुणा कलावंत, मग नाटक, मग स्थानिक, हा क्रम साठ वर्षांचा आहे आणि तो मोडला तर पाहुण्याचा, रंगभूमीचा आणि गंगेचा असा तिघांचाही अपमान होईल. शेवटी तडजोड झाली. राजा पंधरा मिनिटांत मरेल, पण दोन अटींवर. पाहुणी कलावंत कोलकात्याची हवी, आणि माइक उत्तम हवा. माइक असला की राजाला एकदाच बोलून भागतं, नसला की प्रत्येक क्षमा दोनदा करावी लागते, असं त्यांनी मला समजावून सांगितलं. मी दोन्ही अटी मान्य केल्या. पंधरा मिनिटांचं मरण मी पंचाननदांकडून लेखी घेतलं. मी भूमी-महसूल कार्यालयात हेडक्लार्क आहे, तोंडी मरणावर माझा विश्वास नाही.

कोलकात्याची कलावंत मिळाली. मंजुलिका रक्षित, रेडिओवर गायच्या. माझ्या साडूच्या शेजाऱ्याची वहिनी त्यांच्याकडे शिकायची, तेवढ्या धाग्यावर मी त्यांना गाठलं. त्या यायला कबूल झाल्या, मात्र गाडीनं थेट येतील की रेल्वेनं पलीकडच्या काठावर उतरून फेरीबोटीनं इकडे येतील, हे त्या दिवशीच ठरेल म्हणाल्या. मोठ्या कलावंतांना इतकी मोकळीक द्यावीच लागते.

राहिला माइक. त्याच्या परवानगीचा अर्ज तीन प्रतींत घेऊन मी ठाण्यात गेलो. दारोगाबाबूंचं नाव विश्वंभर घोडुई. त्यांचं सरकारी घर घाटालाच लागून आहे, आमच्या गच्चीवरून त्यांची तुळस दिसते. माणूस सभ्य. त्यांनी अर्ज वाचला, माझ्यासाठी चहा मागवला आणि सांगितलं की परवानगी मिळणार नाही. माध्यमिकची, म्हणजे दहावीची, परीक्षा तोंडावर होती आणि त्या दिवसांत उघड्यावर माइक लावायला बंदी असते.

हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. आमच्याकडे वसंत आणि माध्यमिक एकाच वेळी येतात. पळस फुलतो आणि घराघरातून मुलं भूमितीची प्रमेयं पुटपुटायला लागतात. मागचे सचिव म्हणूनच मेळावा परीक्षेच्या आधी उरकून घेत. मी तारीख ठरवताना पंचांग पाहिलं, भरती-ओहोटी पाहिली, मंजुलिकादेवींची सोय पाहिली, फक्त परीक्षेचं वेळापत्रक पाहिलं नाही. आमची मुलगी पास होऊन पुण्याला नोकरी करते, त्यामुळे ते वेळापत्रक आमच्या घरातून कधीच गेलेलं. पत्रिका छापून वाटून झाल्या होत्या. हे इंदुलेखाला कोणत्या तोंडानं सांगायचं, या विचारानं मला चहा गोड लागेना.

पण मी हाडाचा कारकून आहे. मी दारोगाबाबूंकडून ते परिपत्रक मागून घेतलं आणि तिथेच चष्मा लावून वाचलं. उघडी मैदानं, रस्ते, बाजार, गच्च्या, अंगणं, देवळांची आवारं आणि लग्नाचे मांडव. सगळी यादी डोळ्यांखालून घातली आणि माझ्या अंगावर काटा आला. परिपत्रकात पाणी नव्हतं.

"दारोगाबाबू," मी म्हणालो, "नदीला मैदान म्हणतात का?"

त्यांनी परिपत्रक माझ्या हातून घेऊन पुन्हा एकदा वाचलं. मग म्हणाले की नाही म्हणत, पण हाजराबाबू, असं करू नका. मी म्हटलं, तुम्ही मला कलम दाखवा. कलम नव्हतं. त्यांनी वरिष्ठांना लिहून विचारतो असं सांगितलं. वरिष्ठांना लिहून विचारलं की उत्तर कधी येतं, हे मला महसूल खात्यात राहून चांगलंच माहीत आहे. मी रस्त्यानं ताठ मानेनं घरी आलो आणि संघात जाहीर केलं की या वर्षीचं व्यासपीठ नावेवर. प्रेक्षक घाटाच्या पायऱ्यांवर बसतील आणि समोर पाण्यात, किनाऱ्यापासून तीसेक हात अंतरावर, कला अवतरेल.

सांगायला हरकत नाही, दोन दिवस मला फार मान मिळाला. चहाच्या टपरीवर लोक सरकून जागा द्यायला लागले. पंचाननदांनी तर मला मिठीच मारली. राजा नावेवर मरणार ही कल्पना त्यांना इतकी आवडली, की त्यांनी त्याच रात्री नदीला उद्देशून एक नवीन उतारा लिहिला. तो पंधरा मिनिटांत बसतो की नाही हे विचारायचं माझ्या ध्यानात आलं नाही.

मग सल्ले सुरू झाले. कुणी म्हणालं नावेला पताका लावा, कुणी म्हणालं पताका लावल्या तर नाव वाऱ्यानं फिरेल. घाटावरच्या न्हाव्यानं, मागितला नसताना, पाण्यावर आवाज फुटतो असं सांगितलं, आणि त्याच्याच गिऱ्हाइकानं अर्धी दाढी झालेल्या अवस्थेत, पाण्यावर आवाज जुळतो असं सांगितलं. सगळ्यांवर कडी केली ती आमच्या होमिओपॅथ नियोगी डॉक्टरांनी. त्यांच्या मते फाल्गुनातली नदीवरची हवा माणसाची वैरीण. माघातली थंडी समोरून येते म्हणून माणूस सावध असतो, फाल्गुनातली कानातून शिरते. त्यांनी घरोघर फिरून पांढऱ्या गोळ्या वाटल्या आणि मेळाव्याला येणाऱ्या प्रत्येकानं कान झाकून यावं अशी ताकीद दिली. सर्दी या विषयावर आमच्याकडे डॉक्टरचा शब्द कुणी मोडत नाही.

नाव मिळाली इद्रिस माझी या नावाड्याची. गवताच्या पेंढ्या वाहणारी मोठी थोरली नाव. इद्रिसभाई चाळीस वर्षं या पाण्यावर आहेत आणि जरुरीपुरतंच बोलतात. नाव द्यायला ते तयार होते, पण फेरी कार्यालयातून कागद आणा म्हणाले. तिथल्या कारकुनानं मला एक फॉर्म दिला. त्यात 'मालाचा प्रकार' असा रकाना होता. मी थोडा विचार करून 'नाटक' असं लिहिलं. त्यानं चष्म्यावरून पाहत विचारलं, "नाशवंत की टिकाऊ?" मी टिकाऊ म्हणालो. मग पेटी, तबला आणि सिंहासन हे माल, पण राजा हा प्रवासी की मालाबरोबरचा माणूस, यावर आमची पाऊण तास चर्चा झाली. प्रवासी असेल तर त्याला जिवंत उतरवण्याची हमी द्यावी लागत होती. मी ती दिली. माझ्याच जातीचा माणूस होता तो, मला त्याचा राग येईना. घरी येऊन हे सगळं मी इंदुलेखाला सांगितलं. ती मोहरी निवडत बसली होती. सगळं ऐकून तिनं एवढंच विचारलं, "आणि माझी दहा मिनिटं?" मी म्हटलं, त्यासाठीच तर हे सगळं चाललंय. माझ्या मनात खरोखरच दुसरं काही नव्हतं, निदान तोपर्यंत तरी.

मेळाव्याचा दिवस उजाडला तो इतका सुंदर, की सचिवालासुद्धा तो दिसला. शेवग्याला फुलं आली होती, पाण्यावरून गार वारा येत होता आणि घाटावरच्या शिमुलाची, म्हणजे सावरीची, लाल फुलं पायऱ्यांवर पटापट पडत होती. तीन वाजता लोक यायला लागले आणि मी बघतच राहिलो. दीड-दोनशे माणसं आली आणि त्यातल्या प्रत्येक पुरुषाच्या डोक्यावर माकडटोपी. बायकांनी कानांवरून मफलर आणि शाली घट्ट गुंडाळलेल्या. वसंताच्या स्वागताला आमचा अख्खा पाडा डोळे आणि नाक एवढंच उघडं ठेवून आला होता. नियोगी डॉक्टर पायऱ्यांवरून फिरून कुणाचा कान बाहेर राहिला आहे का ते बघत होते.

नाव तीस हातांवर दोन बांबूंना बांधली होती. तिच्यावर सिंहासन, माइक, वादक, राजा, प्रधान आणि पुढच्या टोकाला पेटी घेऊन इंदुलेखा. स्थानिक कलावंतांनी आधीच नावेवर जाऊन बसायचं होतं, कारण ने-आण करायला होडगं एकच. तिनं पिवळी साडी नेसली होती. होडग्यात चढताना तिनं माझ्याकडे पाहिलं आणि मी हात वर करून, पंधरा मिनिटांचा कागद खिशात आहे, अशी खूण केली.

पावणेचारला माइकवाल्यानं 'हॅलो, हॅलो' म्हटलं आणि घाटाला लागून असलेल्या सरकारी घराचं दार उघडलं. दारोगाबाबू बाहेर आले. अंगावर वर्दी नव्हती, घरातला शर्ट आणि लुंगी होती. मला बाजूला घेऊन ते हळूच म्हणाले, "हाजराबाबू, वरून उत्तर आलेलं नाही, तेव्हा मी काही करू शकत नाही. पण उद्या माझ्या मुलीचा गणिताचा पेपर आहे. सकाळपासून रडतेय ती."

परिपत्रकात पाणी नव्हतं हे खरं, पण मुलगी होती. मी पार ओशाळलो. तेवढ्यापुरता मी सचिवही नव्हतो आणि कारकूनही नव्हतो. आमच्या पोरीच्या गणिताच्या आदल्या दिवशी इंदुलेखानं शेजारच्यांचा कुकरसुद्धा वाजू दिला नव्हता. मी काठावरून हात हलवून माइकवाल्याला थांबवलं आणि बॅटरीची वायर काढायला लावली. पंचाननदा नावेवरून काहीतरी ओरडले. राजीनामा दिला असावा, पण तो काठापर्यंत पोचला नाही.

आता मंजुलिकादेवींचा पत्ता नव्हता. फोन लागत नव्हता. पाहुण्याशिवाय उद्‌घाटन कसं करायचं यावर नाव आणि घाट यांच्यात दहा मिनिटं हातवारे झाले. शेवटी इद्रिसभाईंनी स्वतःहून तोंड उघडलं. पाच वाजता ओहोटी लागेल, तेव्हा मी नाव सोडणार, असं त्यांनी होडग्यातून येऊन सांगितलं. त्यामुळे पाहुणी येईल तेव्हा येईल, नाटक सुरू करा, असं ठरलं. सचिवानं वर रस्त्यावर टोटोच्या, म्हणजे बॅटरीवरच्या रिक्षांच्या, थांब्यापाशी जाऊन पाहुणीची वाट पाहायची. हातात हार घेऊन मी वर गेलो. दारोगाबाबूही माझ्याबरोबर आले, मला वाटतं मला वाईट वाटू नये म्हणून. थांब्यावरून पायऱ्यांचा वरचा भाग दिसतो, पण मध्ये आंघोळीच्या मंडपाचं छप्पर येतं आणि नाव दिसत नाही. पुढचं जे झालं ते मी नंतर दहा तोंडांनी ऐकलं.

नाटक सुरू झालं आणि भरतीचं पाणी चढता चढता मागचा बांबू सुटला. नाव हळूहळू फिरली. राजाची पाठ आमच्या घाटाकडे आणि तोंड पलीकडच्या काठाकडे झालं. माइक नाही, वर लोकांचे कान लोकरीत. पंचाननदा जीव तोडून बोलत होते आणि आमच्या लोकांना फक्त एक झगा हलताना दिसत होता. बाण लागला तेव्हा पलीकडच्या घाटावर धुणं धुणाऱ्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. आमच्याकडे काहींना वाटलं राजा पलीकडे कुणाला तरी ओळखीचं बघून हात करतोय. लोक मुडीच्या पुड्या सोडून बसले. मागच्या पायऱ्यांवरची माणसं उठायलाही लागली. राजानं शत्रूला क्षमा केली, प्रत्येक वाक्य दोनदा म्हणून, मग मुलांना, प्रधानाला, हत्तीला, आणि नदीला उद्देशून नवीन उतारा सुरू केला. खिशातल्या कागदावर लिहिलेली पंधरा मिनिटं केव्हाच उलटून गेली होती आणि कागद वर थांब्यावर माझ्याजवळ होता. शेवटी राजा पडला. आता इथे एक घोटाळा झाला. काठावर नाटक असतं तेव्हा दोन माणसं चादर धरून पडदा करतात आणि तिच्याआड पंचाननदा उठतात. नावेवर चादर न्यायला सगळे विसरले. मेलेल्या राजानं दोनशे माणसांदेखत उठून बसायचं कसं, म्हणून ते डोळे मिटून पडून राहिले. दाढीत गवताच्या काड्या अडकलेल्या. ओहोटी लागायला बारा मिनिटं होती, नावेवर कुणालाच काही सुचत नव्हतं, आणि तेव्हा कुणाला न विचारता इंदुलेखानं पेटी पुढे ओढली.

हे मला माहीत नव्हतं. मी वर उभा होतो. मी फक्त आवाज ऐकला.

काय सांगू. भरती थांबून ओहोटी लागायच्या मधल्या त्या घटकेत पाणी अगदी निवांत होतं आणि त्या पाण्यावरून एक आवाज आला. आधी खाली, जरासा चाचपडत, मग एकदम मोकळा. कसलंसं वसंतातलं जुनं गाणं होतं, कीर्तनाच्या अंगाचं. हातातला हार तसाच राहिला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू. मी ताबडतोब ओळखलं की मंजुलिकादेवी रेल्वेनं पलीकडे उतरल्या, फेरीबोटीनं आल्या आणि आमच्या माणसांनी त्यांना नदीतल्या नदीत नावेवर घेतलं.

"ऐकलंत, दारोगाबाबू?" मी म्हणालो. "याला म्हणतात कोलकात्याचा गळा. माइकची गरजच काय."

"पण हा आवाज..." ते म्हणाले.

"नुसता आवाज नव्हे, साधना आहे ती. वर्षानुवर्षं तंबोऱ्याशी बसल्याशिवाय असा सूर लागत नाही."

ते म्हणाले की नाही, म्हणजे रोज दुपारी... मी त्यांना हातानं गप्प केलं. असं गाणं चालू असताना मध्ये बोलणाऱ्या माणसांचा मला संताप येतो. मंडपाच्या वरच्या पायऱ्यांवर बसलेले लोक मला दिसत होते. त्यांतल्या एकानं माकडटोपी कानांवरून वर गुंडाळली. मग शेजाऱ्यानं. मग ओळीनं सगळ्यांनी. नियोगी डॉक्टर उभे होते, त्यांनी तर टोपी काढून हातातच घेतली. सरकारी घराची खिडकी उघडली आणि दोन वेण्या घातलेली, रडून डोळे सुजलेली एक मुलगी हातात पेन्सिल घेऊन गजांना टेकून उभी राहिली. दारोगाबाबूंनी ते पाहिलं, पण खिडकी लाव असं काही तिला सांगितलं नाही.

तो आवाज वर चढून एका ठिकाणी थांबला तेव्हा मला आपल्या घरची आठवण झाली. मी दारोगाबाबूंना मनातलं सांगून टाकलं. म्हटलं, यानंतर आमच्या इंदुलेखाला गायला बसवायचं म्हणजे तिचीच फजिती करायची. घरचं माणूस यापुढे कसं टिकणार? बिचारीला मीच समजावून सांगेन, की या वर्षी राहू दे. दारोगाबाबू माझ्याकडे बघत राहिले. चोरांच्याही चेहऱ्याकडे ते असे बघत नसतील.

तेवढ्यात एक टोटो येऊन थांबला. त्यातून गळ्याला तीन पदरी मफलर गुंडाळलेल्या एक बाई उतरल्या, शिंकल्या आणि बसक्या आवाजात म्हणाल्या, "मीच मंजुलिका रक्षित. गाडी वाटेत बंद पडली. सर्दीनं गळा पार गेलाय माझा, पण कबूल केलं होतं म्हणून आले." मग त्यांनी मान वळवली, थोडं ऐकलं आणि विचारलं, "गातंय कोण? मग मला कशाला बोलावलंत?"

मी दारोगाबाबूंकडे पाहिलं. ते तुळशीकडे बघत म्हणाले, "तेच सांगत होतो. इंदुलेखाबौदी रोज दुपारी तुमच्या गच्चीवर गातात. माझी पोरगी त्या वेळेलाच अभ्यासाला बसते, म्हणते त्यानं डोकं शांत राहतं. तुम्ही तेव्हा ऑफिसात असता."

मी पायऱ्या उतरून धावलो. मंडपाला वळसा घालून खाली पोचलो तेव्हा गाणं संपलं होतं. टाळ्या पडत होत्या, पलीकडच्या काठावरूनही, आणि नावेवर मेलेला राजाही आडव्यानंच टाळ्या वाजवत होता. पाच वाजले होते. इद्रिसभाई दोर हातात घेऊन उभे होते आणि दोर सोडायचं विसरले होते. इंदुलेखा होडग्यातून उतरली तशी बायकांनी तिला घेरलं. मंजुलिकादेवींनी माझ्या हातातला हार काढून घेतला आणि तिच्या गळ्यात घातला. मला त्या गर्दीत शिरायला जागा मिळेना, आणि खरं सांगायचं तर तोंडही नव्हतं.

पंचाननदांनी त्या संध्याकाळी राजीनामा दिला तो मात्र निराळा. पुढच्या वर्षी बौदी आधी गातील, नाहीतर मी अध्यक्ष नाही, असं त्यात लिहिलं होतं.

आवराआवर करून आम्ही दोघं घाटावरच्या वाटेनं घरी निघालो. अजून उजेड होता. साडीचा काठ भिजला होता, म्हणून तिनं तो हातात धरला होता. पेटी माझ्या खांद्यावर होती. तिनं विचारलं, "ऐकलंत?"

"ऐकलं."

"मग?"

छान झालं, असं म्हणून सुटता आलं असतं. पण दारोगाबाबू शेजारीच राहतात, आणि त्यांची बायको आमच्याकडे विरजण न्यायला येते. आणि त्याहून मोठं म्हणजे मला तिच्याशी त्या घटकेला खोटं बोलवेना. मी थांबलो आणि सगळं सांगितलं. मंजुलिकादेवी समजून ऐकलं, कोलकात्याचा गळा म्हणालो, साधना म्हणालो, डोळ्यांत पाणी आलं, आणि तू तिच्यापुढे टिकणार नाहीस म्हणून तुला बसवू नये असंही म्हणालो. काहीएक लपवलं नाही.

ती रस्त्यात उभी राहून माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं आता ही रडणार. पण ती हसायला लागली, इतकी, की तिला कठड्याला धरून उभं राहावं लागलं.

"बरं झालं हो, ओळखलं नाहीत ते," डोळे पुसत ती म्हणाली. "मी गातेय म्हणून कळलं असतं तर मधेच चहा मागितला असतात."